खरखरीत, घोगरी यमकं: दान्तेच्या गोठलेल्या नरकावर वीस मिनिटांची ब्लॅक मेटल रचना कशी बांधावी

इटालियन कवी दान्ते आपल्या 'इन्फेर्नो' या काव्यात नरकाच्या तळाशी पोचतो तेव्हा तिथे आग नसते. बर्फ असतो. कोकायटस नावाचं गोठलेलं तळं, त्यात मानेपर्यंत रुतलेली माणसं आणि कुठूनतरी येणारा वारा. 'इन्फेर्नो'चे एकूण ३४ सर्ग. त्यातल्या ३२व्याच्या पहिल्याच ओळीत दान्ते तक्रार करतो, की या जागेला शोभतील अशी 'रीमे आस्प्रे ए क्योच्चे', म्हणजे खरखरीत, घोगरी यमकं माझ्यापाशी असती तर! त्याला हवा होता तो आवाज १९९०च्या दशकात नॉर्वेतल्या विशीतल्या पोरांनी शोधून काढला: किंचाळणारं, वेगवान, खरखरीत ब्लॅक मेटल. फक्त सहाशे-सातशे वर्षं उशीर झाला.

साहित्यकृतीवर लांबलचक मेटल गाणं करणं नवीन नाही. आयर्न मेडनने १९८४ साली कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशावरच्या कवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं. व्हिएन्नाच्या समनिंग या दोघांच्या बँडने लेखक टॉल्किनच्या काल्पनिक जगावर सगळी कारकीर्द उभी केली. आपल्याकडे मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये दशावतारांवर आख्खा अल्बम काढला. पण असं काही करायला बसलेले बरेच जण (मीही त्यातलाच) एक चूक करतात. पुस्तकातून फक्त गोष्ट उचलतात. गोष्ट शब्दांत जाते, किंचाळण्यात शब्द ऐकू येत नाहीत आणि उरतो नुसता लांब आवाज. माझी पहिली रचना २४ मिनिटांची होती. मित्राने सातव्या मिनिटाला हेडफोन काढला आणि चहा टाकू का विचारलं.

उचलायचा असतो तो कृतीचा साचा. दान्तेपाशी तो इतका पक्का आहे की गाण्याचा आराखडा जवळपास तयारच मिळतो.

आधी वाचन, गिटार नंतर

'इन्फेर्नो' पूर्ण वाचा, पण गाण्यासाठी शेवटचे तीनच सर्ग घ्या, ३२ ते ३४. मिळून ४३५ ओळी. वीस मिनिटांत नरकाची नऊ वर्तुळं कोंबायला गेलात तर प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात आणि गाणं सहलीच्या बससारखं होतं: उतरा, फोटो काढा, चला. एकच जागा, एकच हवामान घ्या. वातावरणप्रधान ब्लॅक मेटलला हवामानच लागतं.

हक्कांचं आधीच बघा. दान्ते १३२१ साली वारला, मूळ इटालियन सगळ्यांचं आहे. पण भाषांतरावर भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो आणि भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बाजारात मिळणाऱ्या आधुनिक इंग्रजी आवृत्तीतून ओळी उचलू नका. लाँगफेलोचं १८६७चं भाषांतर मोकळं आहे. ते समोर ठेवून स्वतःच्या मराठी ओळी लिहिणं सगळ्यात उत्तम.

वाचताना वहीत ऐकू येणाऱ्या गोष्टी टिपा, दिसणाऱ्या नव्हे. माझ्या यादीत हे आलं: थंडीने दातांवर दात आपटतात, तो आवाज दान्तेला करकोच्याच्या चोचीसारखा वाटतो. उगोलिनो हा पिसाचा सरदार आर्चबिशप रुज्जेरीची कवटी कुरतडत असतो आणि बोलण्यासाठी त्याच्याच केसांना तोंड पुसतो. रडणाऱ्यांचे अश्रू डोळ्यांतच गोठतात. मग चेहऱ्यावर वारा लागतो आणि दान्ते विचारतो, इथे वारा कसा? तो सैतानाच्या सहा पंखांचा निघतो. वटवाघळासारखे पंख, त्यांतून तीन वारे, आणि त्या वाऱ्यांनीच तळं गोठलेलं. अगदी शेवटी, अंधारात, दिसत नाही पण ऐकू येतो असा एक लहानसा ओहोळ.

आणि यादीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद: सैतान एक शब्दही बोलत नाही. तीन तोंडं, तिन्हींत एकेक गद्दार चघळत असलेला. त्याच्या भागात गायन ठेवू नका. ब्लॅक मेटलमध्ये सैतान आला की किंचाळायचंच हा मोह भलता मोठा असतो, मला माहीत आहे. आवरा.

यमकांचा साचा, रिफचा साचा

दान्तेचं वृत्त 'तेर्झा रीमा'. तीन-तीन ओळींची कडवी. पहिली आणि तिसरी ओळ एका यमकाची, मधली वेगळी. पुढच्या कडव्यात ती मधलीच बाहेरची होते आणि मध्ये नवं यमक येतं. सर्गाच्या शेवटी एक सुटी ओळ. यमकांच्या जागी रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) ठेवा:

अबअ – बकब – कडक – डइड – इफइ – फ

(मधे 'कडक' हा शब्द आपोआप तयार झाला, ते मी शुभशकुन मानलं.)

सहा रिफ, सोळा भाग. अ आणि फ दोनदाच येतात, बाकीचे तीनदा. १५० बीपीएमला (मिनिटाला १५० मात्रा) चार मात्रांचा एक बार १.६ सेकंदांचा. भाग सरासरी ४८ बारांचा धरला तर ७७ सेकंद, सोळा भागांचे साडेवीस मिनिटं. हा आकडा सोयीचाही आहे. ३३ आरपीएमच्या विनाइलची एक बाजू साधारण २२ मिनिटांपर्यंत नीट वाजते. फिनलंडच्या मूनसॉरोच्या २००७च्या अल्बमवर दोनच गाणी आहेत, दोन्ही २५ मिनिटांच्या वर. ते पेलतंही, पण पहिल्या प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नका.

या साच्याची गंमत अशी, की प्रत्येक नवा रिफ आधी मध्ये, दोन जुन्यांच्या कुशीत, पाहुण्यासारखा येतो आणि पुढच्या कडव्यात घर ताब्यात घेतो. म्हणून माझा नियम: पहिल्यांदा बारीक (क्लीन, म्हणजे आवाज न फाडलेली गिटार, एखादा कीबोर्ड, किंवा लांबून), दुसऱ्यांदा पूर्ण ताकदीनं, तिसऱ्यांदा झिजलेला. तिसऱ्या वेळी तोच रिफ जशाचा तसा वाजवलात तर ऐकणारा चहा टाकायला उठणार.

आता यावर गोष्ट बसवा. ती किती सहज बसते ते पाहून मी चकित झालो होतो. अ म्हणजे नुसता बर्फ, चालणं. ब म्हणजे रुतलेली डोकी, वाजणारे दात. क म्हणजे उगोलिनो आणि गोठलेले अश्रू. ड म्हणजे वारा. तो पहिल्यांदा 'कडक'च्या मध्ये येतो, म्हणजे कुणाचा ते कळण्याआधी चेहऱ्यावर लागतो, अगदी दान्तेसारखा. इ म्हणजे सैतान. 'डइड'मध्ये तो वाऱ्याच्या मधोमध, लांबवर, धुक्यातल्या पवनचक्कीसारखा दिसतो. ही उपमा दान्तेचीच. मग 'इफइ': समोर सैतान, मध्ये ती विलक्षण जागा, जिथे दान्तेचा वाटाड्या व्हर्जिल सैतानाच्या केसांना धरून कमरेपाशी उलटा फिरतो आणि पृथ्वीचा मध्य ओलांडला जातो, मग पुन्हा सैतान, पण आता पाय वर. इथे इ रिफ उलटा करा, चढणारे स्वर उतरते आणि उतरणारे चढते. शेवटचा सुटा फ म्हणजे ओहोळ आणि बिळातून दिसणारे तारे.

सोळाही भाग सारख्या लांबीचे ठेवू नका. माझ्याकडे दुसरा इ चार मिनिटांचा आहे आणि पहिला ड जेमतेम वीस सेकंदांचा.

स्वर निवडताना

आपल्या कानाला सा आणि तीव्र मध्यम यांतलं अंतर ओळखीचं आहे. तंबोऱ्यावर पंचम न घेता नुसता तीव्र म धरून बघा, पोटात खड्डा पडतो. पाश्चात्त्य संगीतात हेच ट्रायटोन. संगीतकार लिस्टने आपल्या दान्ते सिंफनीत (पहिला प्रयोग ड्रेस्डेन, १८५७) नरकासाठी याच अंतरावर भिस्त ठेवली आणि नरकाच्या दारावरचा मजकूर थेट स्वरलिपीत वाद्यांच्या ओळीखाली लिहून टाकला. म्हणजे वाट मळलेली आहे, संकोच नको.

अ रिफसाठी ई मायनरवर रहा, उघडी सहावी तार वाजत ठेवा आणि वरच्या तारांवर तीन-चार स्वरांची चाल ट्रेमोलो पिकिंगने (तोच स्वर झरझर पुन्हा पुन्हा छेडत) घ्या. चाल गुणगुणता आली पाहिजे. ही शैली गोंगाटाखाली सुरेल असते. गिटार बाजूला ठेवून पेटीवर वाजवून पाहा, तिथे कंटाळवाणी वाटली तर डिस्टॉर्शनने ती सुधारणार नाही.

सैतानाच्या तीन तोंडांसाठी मला सापडलेली युक्ती: ई मायनर, सी मायनर, जी मायनर. तिन्हींत जी हा स्वर आहे. एकात तिसरा, एकात पाचवा, एकात मूळ. कीबोर्डवर जी धरून ठेवा, चार मिनिटं सोडू नका, आणि गिटारने तिन्ही कॉर्ड त्याभोवती फिरवा. एकच डोकं, तीन चेहरे. जी मायनरमधला बी-फ्लॅट हा ई चा ट्रायटोन, तोही फुकटात मिळतो.

दान्तेची ओळ ११ अक्षरांची असते आणि ठाम आघात दहाव्यावर पडतो. वाऱ्याचा रिफ मी ११ ठोक्यांचा केला, ४+४+३, आणि झांज दहाव्यावर. सगळं गाणं अशा हिशोबात करू नका, नाहीतर ते गणिताच्या पेपरासारखं वाटेल. वाऱ्यापुरतंच.

ढोल

ड्रमर असेल तर हा भाग सोडा आणि त्याला जेवायला घाला. नसेल तर सॉफ्टवेअरवर लिहा. ब्लास्ट बीट (ढोलांचा अखंड, अतिवेगवान मारा) सगळीकडे वापरायचा मोह टाळा. मी तो फक्त दुसऱ्या ब, दुसऱ्या क आणि दुसऱ्या ड मध्ये ठेवला. सैतानाला टेम्पो तोच, ढोल निम्म्या गतीने. थोरला आकार सावकाश हलतो. समनिंगचे संथ, प्रोग्रॅम केलेले ढोल ऐका. यंत्र असल्याचं ते लपवत नाहीत, आणि ऐकताना खटकतही नाहीत.

ब्लास्टमध्ये स्नेअरचे (करकरीत आवाजाच्या छोट्या ढोलाचे) सगळे ठोके एका जोराने ठेवलेत तर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) ९० ते ११०मध्ये वरखाली करा. करकोच्याच्या चोचीसाठी स्नेअरच्या कडेवरचे कोरडे ठोके, रिव्हर्ब (घुमारा) शून्य. सगळं ओलं असताना एकच कोरडा आवाज आला की तो कानाजवळ येतो.

गिटार आणि वीज

ऑडिओ इंटरफेस, एक गिटार, आणि रीपरसारखं स्वस्त सॉफ्टवेअर पुरे. सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवा, सोळा भागांना नावं द्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गेन (गिटारचा आवाज फाडणारी वाढ) तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी हवा. वेगवान ट्रेमोलोत जास्त गेनने स्वर एकमेकांत विरघळतात. १५० बीपीएमला सेकंदाला दहा ठोके पडतात, ते वेगळे ऐकू आले पाहिजेत. एकच भाग दोनदा स्वतंत्र वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट करून सरकवलेला टेक लगेच ओळखू येतो.

जुन्या इमारतीत अर्थिंगचा भरवसा नसतो. शांत भागात गुणगुण ऐकू आली तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झला अरुंद काप घ्या, पण आधी पंखा, ट्यूबलाइट आणि मोबाइल चार्जर बंद करून बघा. माझ्या बाबतीत गुन्हेगार फिश टँकचा पंप होता. प्रत्येक भागाआधी तार जुळवा. पावसाळ्यात तर दोनदा.

आवाज

घसा दुखत असेल तर थांबा. हा खरा नियम, बाकीचे सगळे सल्ले आहेत. जोर पोटातून, घसा सैल, आणि मोठ्याने ओरडायचं नाही: चांगला किंचाळा खोलीत आश्चर्यकारकरीत्या लहान असतो, मोठा करायचं काम मायक्रोफोनचं. तोंड माइकपासून वीतभर. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे जाऊ नका, कोमट पाणी जवळ ठेवा. मी कपाटात, गोधड्यांच्या मध्ये उभा राहून रेकॉर्ड केलं, तरी शेजारच्या काकूंनी दार वाजवून "बरं आहे ना रे?" विचारलंच. आधी सांगून ठेवा.

शब्द मराठीतच का नकोत? ठ, ख, ट, ड ही व्यंजनं किंचाळण्यातून तग धरतात आणि 'आ' गळा उघडा ठेवतो. माझ्या ओळी दान्तेच्याच साखळीत:

बर्फाखाली चेहरे, पापणीत गोठले पाणी
दातांवर दात वाजती, कुठून येतो हा वारा?
ज्याला विचारू त्याच्या जिभेवर थिजली वाणी

पुढचं कडवं 'वारा'च्या यमकाने सुरू होतं, म्हणजे शब्द आणि रिफ एकाच वेळी कूस बदलतात. सगळं मिळून सहा-सात मिनिटांचं गायन पुरे.

हे लिहिताना ज्ञानेश्वरी सारखी आठवत राहिली. ती १२९०ची, ज्ञानेश्वर दान्तेपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि दोघांनीही पंडितांची भाषा सोडून लोकांच्या भाषेत लिहिलं. ओवीचे पहिले तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, सुटा. तीन वेळा रिफ आणि मग अर्ध्यावर तोडलेला वेगळा तुकडा, हा साचाही कुणीतरी वापरून पाहावा. मी धीर गोळा करतोय.

वारा, धुकं आणि मिक्स

वारा विकत घेऊ नका, बनवा. व्हाइट नॉइज घ्या, त्यावर अरुंद बँडपास फिल्टर (ठरावीक पट्ट्यातलाच आवाज जाऊ देणारा) लावा आणि तो सावकाश वरखाली फिरू द्या. तीन वारे म्हणजे असे तीन ट्रॅक: एकाचं आवर्तन ७ सेकंदांचं, दुसऱ्याचं ११, तिसऱ्याचं १३. ते आख्ख्या गाण्यात क्वचितच एकत्र जुळतात, त्यामुळे लूप असल्याचा संशय येत नाही. पहिल्या ड मध्ये एकच वारा, दुसऱ्यात दोन, सैतानाजवळ तिन्ही.

सगळ्यात जास्त गाणी रिव्हर्बमध्ये बुडून मरतात. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावण्याऐवजी दोन बस (अनेक ट्रॅकना सामाईक मार्ग) करा: एक लहान, एक चार ते सहा सेकंदांचा. त्यांत जाणाऱ्या आवाजाचं ३०० हर्ट्झखालचं सगळं कापा, चिखल तिथेच साचतो. प्री-डिले ३० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे ठोका आधी पोचतो आणि गुहा नंतर. मग ती लांबी गाण्याबरोबर हलवा: बर्फावर मोठी, उगोलिनोपाशी जवळजवळ बंद. तो कानात बोलतोय, त्याची मुलं उपाशी मेली आहेत, तिथे गुहेचा घुमारा कशाला?

मिक्स हळू आवाजात ऐका. मी तो मोबाइलवर टाकून टेकडीवर चालत ऐकतो आणि लक्ष कुठे उडालं ती वेळ बोलून नोंदवतो. तीन दिवस एकाच जागी लक्ष उडालं तर तो भाग छोटा करायचा. वाद नाही. मास्टरिंगला आवाज फुगवू नका. -१२ एलयूएफएसच्या (सरासरी आवाजपातळी मोजायच्या एककाच्या) आसपास थांबा. सगळंच कर्कश केलंत तर सैतान आल्याचं कळणार कसं?

शेवटचा फ

ओहोळ खरा रेकॉर्ड करा. जुलैत सह्याद्रीत कुठेही गाडी थांबवली की सापडतो, पण धबधबा नको, दगडावरून घरंगळणारं मनगटाएवढं पाणी हवं. रेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत नको, पिशवीच जास्त वाजते. छत्रीखाली धरा आणि छत्रीवर टॉवेल टाका. घरी आल्यावर त्याची वरची टोकं फिल्टरने झाका, म्हणजे तो अंधारात असल्यासारखा वाटेल, आणि गिटार थांबल्यावर फिल्टर अर्ध्या मिनिटात हळूहळू उघडा. त्यावर फ ची चाल, क्लीन, शेवटचा स्वर मूळ ई वर न आणता वरच्या बी वर लटकत सोडा. ढोल नाही, वारा नाही. पाणी आणखी बारा सेकंद वाहू द्या आणि फेड न करता कापा.